पुळणीवरच्या घोड्याला वाट द्या: रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग

प्रत: महाराष्ट्र सागरी मंडळ, आणि किनाऱ्यावरच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच

विषय: समुद्रकिनाऱ्यावर घोडेस्वारीसाठी जागा, वेळ आणि उतरायची वाट लेखी ठरवून मिळण्याबाबत

महोदय,

हे सगळं साध्या अर्जातही लिहिता आलं असतं. पण घोड्याचा अर्ज कुठल्या टेबलावर ठेवायचा, हेच इथे कोणाला सांगता येत नाही. पशुसंवर्धनाचं टेबल लसीपुरतं, महसुलाचं जमिनीपुरतं, बंदराचं पाण्यापुरतं, पोलिसांचं गर्दीपुरतं. घोडा पुळणीवर उभा असतो तेव्हा या चौघांच्याही हद्दीत असतो आणि म्हणून कोणाच्याच नसतो. तेव्हा म्हटलं, चारचौघांत लिहावं.

मी चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात राहते. घरी दोन घोडे आहेत, गावातल्या मुलामुलींना बसायला शिकवते. पर्यटकांना शनिवार-रविवारी फेरी मारून आणणं हा माझा धंदा नाही. ज्यांचा आहे त्यांच्याशी रोजचा राबता आहे. या पत्रातलं काही त्यांना रुचणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. घोडा किनाऱ्यावर कुठून उतरायचा, कुठल्या पट्ट्यातून चालायचा, किती वाजेपर्यंत आणि कुठल्या अटींवर, हे एकदा कागदावर येऊ द्या. आज आमच्या भागात बंदीही कागदावर नाही आणि परवानगीही नाही. सुट्टीत गर्दी झाली, एखादं मूल घोड्यावरून पडलं, कोणाचा व्हिडिओ फिरला की तोंडी हुकूम येतो, ‘उद्यापासून घोडे आणायचे नाहीत.’ आठ-पंधरा दिवसांत तो तोंडीच विरून जातो. तोवर ज्याची ओळख आहे त्याचा घोडा पाण्याकाठी आणि ज्याची नाही त्याचा दावणीला.

मुळात ही वाळू कोणाची? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० मध्ये उत्तर स्वच्छ आहे: भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ शासनाचा. म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू, जिच्यावर घोडा सगळ्यात चांगला चालतो, ती कोणा बंगलेवाल्याची किंवा रिसॉर्टची नाही. तिथून वर आलं की १८ जानेवारी २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना. मी ती घोड्याच्या नजरेने वाचली आहे. वाळूच्या टेकड्या, कांदळवनं, कासवांची अंडी घालायची जागा हे सगळं पहिल्या, सर्वांत जपायच्या वर्गात येतं, आणि ते तसंच हवं. किनाऱ्यावर तात्पुरते शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या यांना वाट ठेवलेली आहे. राज्याने २०२० मध्ये शॅकसाठी ८ किनारे निवडले. त्यांत आपल्या जिल्ह्यातले वर्सोली आणि दिवेआगर आहेत. पाण्यातल्या खेळांना सागरी मंडळाचा परवाना लागतो, म्हणजे तो मागता तरी येतो. केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीला फाइल आहे. घोड्याला नाही.

आणि हा प्राणी इथे काही परवा आलेला नाही. चौल बंदरात अरबस्तानाकडून घोडे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथेच उतरला, आणि पुढे जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा अडकवून ठेवला. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर परत मिळाला. घोडेवाल्याने अधिकाऱ्यापुढे हात जोडायचे, ही आमच्याकडची पाचशे वर्षांची वहिवाट म्हणायची! अलिबागला आजही ओहोटी लागली की घोडागाड्या कुलाबा किल्ल्याकडे निघतात. मधली वाळू पायी तुडवायची ज्यांची ताकद नाही अशा आजी-आजोबांना त्या किल्ल्याच्या दारापर्यंत नेतात.

आता जागेचं बघू. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत, जिथे लोकवस्ती विरळ आहे अशा गावांत, ‘ना विकास क्षेत्र’ आहे. तिथे शेती, बागायत, चराई चालते. म्हणजे घोड्याने चरायला हरकत नाही. पण पाऊस आला की त्याच्या डोक्यावर छप्पर लागतं, आणि त्या छपराचा चराईच्या ओळीत उल्लेख नाही. कोकणातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर आतून कुजतात, वास यायला लागतो, मग नालबंदही काही करू शकत नाही. आम्ही नारळीच्या वाडीत झाप घालून मांडव उभारतो. दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी विचारतं, ‘हे बांधकाम आहे का?’

त्या २०० मीटरच्या पलीकडे, शेतजमिनीवर, गुरांच्या निवाऱ्यासाठी बांधलेला गोठा महसूल अधिनियमाच्या व्याख्येत शेतीइमारत धरला जातो. मग घोड्याचा तबेला? एक तलाठी म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो बिगरशेती करून आणा. गंमत अशी की १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यात गुरांच्या यादीत घोडा, घोडी, शिंगरू, तट्टू सगळे आहेत. कोंडवाड्यात टाकायचं तेव्हा आमचा घोडा गुरांत जमा, आणि निवारा मागायचा तेव्हा नाही. हे एका परिपत्रकाने सुटण्यासारखं आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योजकतेसाठी ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपयांपर्यंतचं भांडवली अनुदान आणलं. आमच्यातला कोणी एवढा मोठा नाही. पण अनुदानाची योजना आहे आणि तबेल्याच्या चार खांबांना नियम नाही, हे कसं? २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू साडेतीन लाखांच्याही खाली आले. त्याआधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा जवळपास ४५ टक्के कमी. त्यांना जपायचं तर आधी बांधायचं कुठे ते तरी ठरवा.

पण सगळ्यात जास्त रडणं वाटेचं आहे, आणि त्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

आमच्या गावांतून पुळणीवर जाणाऱ्या वाटा म्हणजे वाडी-वाडीमधल्या पाखाड्या आणि पाणंदी. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून बैलगाडी किंवा डोक्यावर टोपली घेतलेली बाई जाईल एवढी रुंदी. यातल्या बऱ्याच गावनकाशावर नीट दिसत नाहीत. पिढ्यान् पिढ्या माणसं, गुरं, होड्यांचं सामान तिथूनच गेलं, म्हणून त्या होत्या. मग मांडव्याची रो-रो, म्हणजे मोटारींसकट माणसं आणणारी बोट, आली २०२० मध्ये, अटल सेतू उघडला जानेवारी २०२४ मध्ये, आणि मुंबईची माणसं दोन-अडीच तासांत चहाला येऊ लागली. वाड्या विकल्या गेल्या. नव्या मालकाने गडगा पाडून कंपाउंडची भिंत घातली, बेड्याच्या जागी लोखंडी फाटक आलं, फाटकावर कॅमेरा. जिथे भिंत नाही तिथे धूपप्रतिबंधक बंधारा. समुद्र वाड्या खातो आहे, तेव्हा बंधारा लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोठमोठे दगड रचताना पायऱ्या ठेवल्या त्या माणसांपुरत्या. गुरांना नाहीत, घोड्याला नाहीत, हातगाडीला नाहीत. परिणाम असा की शेजारच्या घराइतक्या जवळ असलेल्या वाळूवर जायला घोडा डांबरी रस्त्यावरून हाणत न्यावा लागतो, आणि त्या रस्त्यावर शनिवारी सकाळी काय चाललेलं असतं ते आपण स्वतः पाहिलं असेल. कर्णकर्कश हॉर्न, अंगाला घासून जाणाऱ्या मोटारी, खिडकीतून बाहेर आलेला मोबाइल. घोडा बिथरला आणि कोणाला लागलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आमच्यावर: जनावराबाबत हयगय, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कलम असावंच. पण जी वाट बंद केल्यामुळे घोडा रस्त्यावर आला, ती बंद करणाऱ्याला कोण विचारणार?

कायद्यात दाद आहे, पण ती शेताच्या बांधापाशी थांबते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढू शकतात, सहा महिन्यांच्या आत दावा केला तर. पण तो रस्ता शेताकडे किंवा चराईकडे जाणारा असावा लागतो. समुद्र शेत नाही. दिवाणी न्यायालयात सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जायचा हक्क, शाबीत करायचा तर १८८२ च्या कायद्याप्रमाणे २० वर्षांचा अखंड वापर दाखवा, आणि वाट सरकारी जमिनीवरून असेल तर ३० वर्षांचा. कोण दाखवणार? ज्या म्हाताऱ्यांनी त्या वाटेने टांगे नेले ते आता साक्षीला राहिलेले नाहीत, आणि कोर्टाच्या तारखा घोड्याच्या आयुष्यापेक्षा लांब चालतात.

म्हणून मला पाणंद रस्त्यांच्या कामातून आशा वाटते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेने अनेक तालुक्यांत बुजलेल्या वाटा उघडल्या. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत करण्याचं धोरणही राज्याने २०२५ मध्ये घेतलं. हेच किनाऱ्याच्या गावांत पुळणीकडे जाणाऱ्या वाटांना लावा. प्रत्येक वाट मोजा, गावनकाशावर घाला, सातबाऱ्यावर चढवा, आणि नोंदीत ‘पायी’ एवढंच न लिहिता गुरंढोरं, घोडा आणि हातगाडी असंही लिहा. याने घोडेवाल्यांपेक्षा जास्त भलं कोळणींचं होईल, ज्यांना मासळीच्या टोपल्या घेऊन आज बंगल्यांना वळसा घालावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये घोड्यासाठी राखीव वाटा असतात. १९४९ च्या कायद्याने त्या अधिकृत नकाशावर आल्या, आणि जमिनीचा मालक बदलला म्हणून वाट बदलत नाही. आपल्याकडे नकाशे इंग्रजांनीच काढले, तेवढा एक गुण मात्र उचलायचा राहिला.

आता आमच्याच माणसांबद्दल. किनाऱ्यावर दिसणाऱ्या घोड्यांत काही शर्यतीतून बाद झालेले असतात, काही घाटावरच्या बाजारातून उतरवलेले. काहींच्या पाठीवर खोगिराखाली जखमा असतात, तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, घासून घासून केस गेलेले असतात. भर दुपारी, पाणी न दाखवता, एकामागून एक गिऱ्हाईक पाठीवर चढवलं जातं. हे मी रोज पाहते आणि मला ते झाकायचं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एका फेरीच्या कमाईत आरामात बसतो. १९६५ चे नियम जास्त कामाचे आहेत: ओझ्याच्या तट्टूवर ७० किलोपेक्षा जास्त नाही, दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे तापमान ३७ अंशांवर जातं तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद. हे नियम ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी लिहिलेले आहेत. पाठीवर जिता माणूस बसवला की ते लागू आहेत का, यावर प्रत्येक जण आपापलं बोलतो. आपण किनाऱ्याच्या परवान्यात तेच आकडे अट म्हणून घाला, वाद मिटेल. नव्वद किलोच्या पाहुण्याला लहान तट्टूवर बसवायला नकार द्यायचा, तर घोडेवाल्याच्या पाठीशी एक पाटी हवी. नुसतं तोंडाने सांगितलं तर पाहुणा शेजारच्याकडे जातो.

मुंबईचं उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. तबेल्यांना परवाने नव्हते, घोड्यांचे हाल होते. निकाल वाचला तर न्यायालयाला दोष देता येत नाही. पण तिथवर गोष्ट गेलीच का? वर्षानुवर्षं कोणी नोंदच ठेवली नाही, आणि मग एकदम दार लावावं लागलं. दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, डोंगरावर आहे. माथेरानला मोटारींना बंदी. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं. तिथे घोड्यांना परवाना आहे, प्रत्येक घोडा मोजलेला आहे. भांडणं तिथेही आहेत, ई-रिक्षाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण तिथला घोडेवाला भांडतो तेव्हा त्याच्या हातात कागद असतो. नेरळहून वर जे चालतं ते रेवदंड्याच्या वाळूवर का चालू नये, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

कासवांचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी घोडेवाल्यांच्या नव्हे, कासवांच्या बाजूने आहे. ऑलिव्ह रिडले मादी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालते. दिवेआगर, हरिहरेश्वर, पलीकडे रत्नागिरीत वेळास, आंजर्ले, गुहागर इथे गावकऱ्यांनी वनखात्याबरोबर ती घरटी जपली आहेत. घोड्याचा खूर त्या वरच्या वाळूत पडायलाच नको. सुदैवाने घोड्यालाही ती मऊ वाळू नको असते; तिथे त्याचे पाय रुततात आणि शिरा दुखावतात. त्याला हवी ती ओली, घट्ट वाळू खालीच आहे. तेव्हा विणीच्या महिन्यांत घोडा भरतीरेषेच्या खालीच, उजाडल्यानंतर आणि मावळायच्या आधी, आणि उधाणाच्या भरतीत खालची पुळण उरत नाही त्या वेळी अजिबात नाही, असा नियम करा. जिथे मासळी सुकायला घातली आहे, होड्या ओढून ठेवल्या आहेत, जाळी पसरली आहेत, तिथे कोळ्यांचा हक्क पहिला. आम्ही वळसा घालू. लीद उचलायची जबाबदारी ज्याच्या घोड्याची त्याची, आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी दंड ठेवावा, पावती देऊन.

मोटारींबद्दलही याच कागदात दोन ओळी येऊ द्या. सुट्टीत हौसेने पुळणीवर घातलेली आणि मग भरतीत अडकलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढतानाचं दृश्य आता बातमीसुद्धा राहिलेलं नाही. घोडा, पोरं आणि चार चाकं एका पट्ट्यात नकोत.

अपघाताचं एक राहिलं. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी घोडेस्वारीच्या जबाबदारीवर वेगळे कायदे केले आहेत. साधारण सूत्र असं: घोड्यावर बसण्यात जो अंगचा धोका आहे तो स्वाराला आधी सांगायचा, पाटी लावायची, मात्र तंग तुटका दिलात, किंवा बसणाऱ्याला कितपत जमतं ते न विचारता उधळ्या घोड्यावर चढवलंत, तर सुटका नाही. आपल्याकडे विधानसभेत असा कायदा होईल तेव्हा होवो. परवान्याच्या मागच्या बाजूला एवढं छापायला विधानसभा लागत नाही: लहान मुलाला हेल्मेट, लगाम जाणत्या माणसाच्या हातात, घोडा चौखुर सोडायचा नाही, आणि घोड्याचा, स्वाराचा विमा.

घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स या रोगाचीही तीच गत. रोग माणसालाही होतो, घोड्यात निघाला तर घोडा मारावा लागतो, आणि नमुने तपासायला हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. किनाऱ्यावर घोडे किती आणि कोणाचे याची यादीच नसेल तर नमुने घेणार कोणाचे? परवान्यासोबत वर्षातून एकदा तपासणी सक्तीची केलीत तर त्याचे पैसे द्यायला मी तयार आहे. इतरही होतील, कुरकुर करतील, पण होतील.

सुरुवात सगळ्या जिल्ह्यात करा असं म्हणत नाही. अलिबाग, नागाव, काशीद असे दोन-तीन किनारे घ्या, एका हंगामापुरतं करून पाहा, मे अखेरीस हिशेब मांडा. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहेत. त्याआधी भूमी अभिलेखचा मोजणीदार, पशुवैद्यकीय अधिकारी आणि वनरक्षक अशा तिघांना एकाच दिवशी पुळणीवर पाठवा. वाटा दाखवायला आम्ही बरोबर येऊ, म्हातारी माणसंही येतील. दिवस ठरवताना पंचांगातली ओहोटीची वेळ तेवढी पाहा, नाहीतर मोजायला वाळूच सापडणार नाही.

आपली,
चौल-रेवदंडा पट्ट्यातली एक घोडेस्वार